श्रोते पाहिजेत

आगामी कार्यक्रमांचं सर्क्युलर काल आलं. फेब्रुवारी ते एप्रिल, तीन पानं, पाठपोट. शेवटच्या रकान्यात कोणाकडे काय काम ते लिहिलेलं असतं. मंडप एकाकडे, माईक दुसऱ्याकडे, हार-नारळ तिसऱ्याकडे. ‘श्रोते’ या शब्दापुढे मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझंच नाव.

मंडपवाला पैसे दिले की येतो. माईकवाला पैसे न देताही येतो, कारण त्याला मागच्या वर्षीची बाकी मागायची असते. श्रोता कशानेच येत नाही, आणि आलाच तर मागच्या दाराजवळची खुर्ची धरतो.

विद्यापीठ कुठलं ते विचारू नका. बेळगावात विद्यापीठांना तोटा नाही. तंत्रशिक्षणाचं व्हीटीयू १९९८ पासून आहे, राणी चन्नम्मा २०१० पासून आहे, केएलई संस्थेचं अभिमत आहे. माझं यांपैकी एक असेल किंवा नसेल. मला निवृत्तीपर्यंत पगार हवा आहे.

मी अर्थशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत मी म्हणालो होतो की, आपल्याकडे वक्त्यांचा पुरवठा भरपूर आहे, तुटवडा आहे तो श्रोत्यांचा. साहेब खूश झाले. “बघा की, सरांना प्रॉब्लेम बरोबर कळलाय,” म्हणाले. आमच्याकडे ज्याला प्रॉब्लेम कळतो त्याच्याच गळ्यात तो बांधतात.

सगळे कार्यक्रम वसंतातच का येऊन पडतात, याचा मी तेव्हापासून थोडा अभ्यास केला आहे. पहिला दोष इतिहासाचा. कुसुमाग्रज जन्मले २७ फेब्रुवारीला आणि सी. व्ही. रामन यांनी आपला शोध १९२८ साली नेमका २८ फेब्रुवारीला लावला. त्यामुळे मराठीवाल्यांचा भाषा गौरव दिन आणि फिजिक्सवाल्यांचा विज्ञान दिन पाठोपाठ येतात. आदल्या दिवशी कवितेला माना डोलावणारी मुलंच मी दुसऱ्या दिवशी प्रकाशाच्या विकिरणाला माना डोलवायला नेतो. त्याआधी २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन. आमच्या आवारात कन्नड, मराठी, उर्दू, कोंकणी अशा इतक्या मातृभाषा नांदतात की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं येतात. मग ८ मार्च, म्हणजे महिलांच्या सत्काराला सगळे पुरुष बोलतात तो दिवस.

हे सगळं किरकोळ. खरी कसोटी २० मार्चपासून लागते. २० तारखेला चिमणी दिन. तो २०१० पासून सुरू झाला आणि त्यामागे आपले नाशिकचेच पक्षीप्रेमी आहेत, म्हणून तक्रार करत नाही. २१ला वन दिन आणि कविता दिन दोन्ही. २२ला जल दिन. २३ला हवामान दिन. २४ला क्षयरोग दिन, कारण रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं १८८२ साली बर्लिनमध्ये त्या दिवशी जाहीर केलं. मानवजातीवर त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांनी जरा दम धरला असता आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाहीर केलं असतं, तर माझ्या हाताशी नवीन ॲडमिशनची मुलं असती. नवीन मुलं कशालाही येतात.

या पाच दिवसांसाठी आमच्याकडे एकच फ्लेक्स आहे. ‘जागतिक’ आणि ‘दिन’ हे कायमचे छापलेले, मधल्या जागी रोज नवा कागद डकवायचा. गेल्या वर्षी जल दिनाला खळ ओली राहिली. पाहुणे पाणलोटावर बोलत असताना वरचे कागद हळूच सुटले आणि त्यांच्या डोक्यावर ‘जागतिक चिमणी दिन’ झळकला. सभागृहात खसखस पिकली. पाहुणे मुरलेले. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि न डगमगता “म्हणून आपण उन्हाळ्यात चिमण्यांसाठी गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवलं पाहिजे,” असं सांगून दोन्ही दिवस एकदम साजरे केले. अशा माणसांमुळे विद्यापीठं चालतात.

दुसरा दोष ३१ मार्चचा. जूनमध्ये मंजूर झालेला पैसा हातात पडेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, आणि ३१ मार्चच्या आत तो खर्चून दाखला दिला नाही तर परत जातो. पैसे नाहीत म्हणून हैराण झालेली माणसं सगळीकडे दिसतात. पैसे आहेत म्हणून तोंड लपवत फिरणारी माणसं पाहायची असतील तर मार्चमध्ये आमच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ब्लॉकला या.

तिसरी नॅक, म्हणजे विद्यापीठांना श्रेणी देणारी संस्था. तिची कचेरी बेंगळुरूला, पण धाक थेट इथवर. कार्यक्रम झाला हे सांगून भागत नाही, जिओटॅग फोटो लागतो. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. आमच्या फोटोग्राफरची पद्धत ठरलेली आहे: पुढच्या तीन रांगा ठासून भरायच्या, कॅमेरा कमरेएवढा खाली धरायचा. मग मागे रिकामं सभागृह आहे की रिकामं रान, कोणाला कळत नाही. १५ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व, आणि मधोमध तोंड उघडलेला बी.कॉम.चा एक विद्यार्थी. त्याची जांभई आहे, पण अहवालात आम्ही ‘भारावलेले श्रोते’ लिहिलं.

तर या तीन रांगा भरणं हे माझं काम.

विद्यार्थी हल्ली थेट व्यवहाराचं बोलतात. परवा एकाला व्हरांड्यात गाठलं.

“सर, आयए मार्क हाय काय ओ?” आयए म्हणजे अंतर्गत मूल्यमापन.

“नाही रे.”

“सर्टिफिकेट?”

“ई-सर्टिफिकेट देणार आहेत.”

“मग ते घरात बसून मिळंल की ओ सर. हितं कशाला यायचं?”

मी त्याला अर्थशास्त्रज्ञ मार्शलचा, फायदा तोलूनच माणूस किंमत मोजतो हा सिद्धान्त गेले वर्षभर शिकवतो आहे. काहीतरी पोचलं म्हणायचं.

श्रोत्यांच्या बाजारभावातलं खरं ज्ञान आमच्या शिपाईमामांकडे आहे. खुर्च्या लावण्यापूर्वी ते एकच प्रश्न विचारतात, “सर, खायला काय सांगितलाय?” चहा-बिस्कीट म्हटलं की एक रांग लावून ते तंबाखू मळायला बसतात. उप्पीट-शिरा असेल तर चार रांगा. पलाव असेल तर शेजारच्या इमारतीतून जादा खुर्च्या मागवतात. आणि कुंदा! बेळगावचा माणूस ही आपली दुधाची मिठाई बाहेरगावी भेट द्यायला नेतो, स्वतःला फुकट मिळणार असेल तर मात्र कुठल्याही विषयावरचं काहीही ऐकतो. एकदा ‘ग्रामीण पतपुरवठ्याची बदलती दिशा’ या चर्चासत्रात कुंदा असल्याची बातमी फुटली. पास होऊन गेलेली मुलं आली. मंडपवाला बसला. माईकवाला बाकी न मागता बसला. एक गृहस्थ बँकेचे अधिकारी असावेत म्हणून आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. ते परीक्षा विभागात मुलीची मार्कलिस्ट न्यायला आले होते. त्यांनी शेवटी प्रश्नही विचारला, आणि त्या दिवसातला तोच काय तो बरा प्रश्न होता.

माणसं आली तरी टिकवणं वेगळं. नाडगीताला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्यगीताला, सरकारने अडीच मिनिटांची मर्यादा घालून दिली आहे. प्रास्ताविकाला नाही. २०२१ साली सरकारी कार्यक्रमांत हार, गुच्छ, शाली, फळांच्या करंड्या बंद करून कन्नड पुस्तकं द्या, असं परिपत्रक निघालं. उत्तम परिपत्रक. आमच्याकडे आता पुस्तक देतात आणि मंचाच्या मागे नेऊन शालही देतात. म्हणजे पाहुणे दोनदा उठतात, दोनदा बसतात, फोटो दोन होतात.

धारवाडचे वक्ते असले की आणखी लांबतं, आणि त्यात दोष आमच्या मुलांचा आहे. पाहुणे कन्नडमध्ये विनोद करतात. अर्धं सभागृह लगेच हसतं. खानापूर भागातून नव्याने आलेल्या मराठी मुलांना शेजारचा कानात सांगतो, मग ती हसतात. एका विनोदाला दोन हशे! असं भाग्य त्यांना धारवाडमध्ये लाभत नसावं. ते खुलतात, घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि नंतर त्याच्याकडे बघत नाहीत.

घड्याळाकडे बघतात त्या मुली. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुलींना सरकारी बस फुकट झाली. कंडक्टर आधार बघून झिरो तिकीट फाडतो. सीमेपलीकडच्या चंदगडकडची मुलगी शेजारीच बसलेली असली तरी तिला पूर्ण तिकीट. चारची बस मात्र दोघींनाही गाठायची असते. गेल्या मार्चमध्ये एक ज्येष्ठ वक्ते भाषणाच्या ऐन भरात आले, आवाज चढला, आणि नेमके चार वाजायला दहा मिनिटं असताना सगळं सभागृह उभं राहिलं. उठताना रिकामं जायला बरं दिसत नाही म्हणून मुलींनी टाळ्याही वाजवल्या. वक्त्यांचे डोळे पाणावले. “पुरे, पुरे,” म्हणत त्यांनी हात जोडले. चहाच्या वेळी मला म्हणाले, “बेळगावचा श्रोता अजून जिवंत आहे हो.” पुढच्या वर्षी पुन्हा येईन म्हणाले. सर्क्युलरच्या दुसऱ्या पानावर त्यांचं नाव आहे.

तिसरं पान एप्रिलचं, त्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही. एप्रिलमध्ये विद्यार्थी नसतात. कोणाच्या गावची लक्ष्मी यात्रा असते, आणि ही यात्रा अनेक वर्षांनी एकदा भरते म्हटल्यावर थांब म्हणायला जीभ रेटत नाही. कोणी चैत्रात जोतिबाला गेलेला असतो. कोणाच्या मावसबहिणीचं लग्न असतं; काहींच्या एकाच मावसबहिणीचं दर वर्षी असतं. उरलेल्यांना वळीव पांगवतो. दुपारी तीनला आभाळ भरून येतं, करंट जातो, मंडपाचं कापड हायवेच्या दिशेने निघतं आणि मंडपवाला त्याच्या मागे.

फक्त एथनिक डेला श्रोत्यांची चिंता नसते. पोरं धोतर-पंचे नेसून ट्रॅक्टरवर चढून येतात, पोरी आईच्या इरकली साड्या नेसून येतात. सकाळी सातपासून आवार फुललेलं. मी कोणाला बोलावत नाही, मामा खुर्च्या लावत नाहीत. त्या दिवशी भाषण नसतं.

आणि वैशाखात शिवजयंती. आपल्याकडच्या चित्ररथांची मिरवणूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगायला नको. संध्याकाळी सुरू होते ती रात्रभर चालते. गल्लोगल्लीचे जिवंत देखावे, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. कडेवर पोरं घेतलेल्या बायका पहाटेपर्यंत उभ्या असतात. माझे विद्यार्थी तिथे असतात, चारची बस गाठणाऱ्या मुली भावाबरोबर असतात, बी.कॉम.चा तो जांभईवालाही असतो, देखाव्यात मावळा होऊन, ताठ, डोळ्यांची पापणी न लववता. कोणाला आयए मार्क नाहीत.

हेच मी काल बैठकीत मांडलं. म्हटलं, ज्या गावात माणसं रात्रभर उभी राहून बघतात तिथे चाळीस मिनिटं बसायला माणूस मिळत नसेल, तर यंदा निम्मे कार्यक्रम कमी करून बघूया. आणि भाषणं तर नकोच.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, “सूचना फार चांगली आहे.” यावर सखोल विचार व्हावा म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक राज्यस्तरीय चर्चासत्र ठरवलं: ‘विद्यापीठीय कार्यक्रमांतील भाषणांचे प्रमाण’. सात वक्ते, दोन सत्रं, ३१ मार्चच्या आत. श्रोते माझ्याकडे.

मी मामांना फोन करून कुंदा सांगायला लावलाय.