शक्य असेल तेथे यू-टर्न घ्या

नवी गाडी घ्यायची तर भांडण रंगावरून होईल, अशी मी तयारी ठेवली होती. नानांना पांढरी, हिला लाल आणि चिरंजीवांना ती कसलीशी राखाडी हवी असणार, हे गृहीतच होतं. प्रत्यक्षात रंग पाच मिनिटांत ठरला आणि घर दुभंगलं ते नकाशावरून. कंपनीनेच नेव्हिगेशन बसवून दिलेलं वरचं मॉडेल घ्यायचं, की मधलं घेऊन त्याच्या पडद्यावर आपल्या फोनमधला नकाशा चालवायचा?

तुम्ही म्हणाल, दापोली तालुक्यातल्या माणसांना हवेत कशाला नकाशे? रस्ते पाठ असतील. होते की. पण हायवेचं चौपदरीकरण निघालं तेव्हापासून पाठ केलेला रस्ता दर पावसाळ्यानंतर नव्याने पाठ करावा लागतो. शिमग्याला ज्या वळणावर वळलो तिथे गणपतीत पत्रे ठोकलेले असतात. शिवाय आमच्याकडे समोर दिसतं ते जवळ असतंच असं नाही. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे धोपावे दिसतं. मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. २००३ पासून तिथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, काही मिनिटांत उतरवते. ती चुकवून रस्त्यानेच जाईन म्हणाल तर खाडीच्या कडेकडेने पार चिपळूणपर्यंत आत जायचं आणि पुन्हा समुद्राकडे यायचं. ज्याने नकाशा फक्त कागदावर पाहिलाय त्याला कोकणातलं अंतर कळणं कठीण.

गाडीतलं नेव्हिगेशन काय प्रकृतीचं असतं हे समजून घ्यायचं असेल तर आमच्या नानांना भेटावं. नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवसापर्यंतचं जग त्यांना तोंडपाठ आहे. त्यानंतरचं जग त्यांना मान्य नाही. २०१० साली सरकारने राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले आणि मुंबई-गोवा सतराचा सहासष्ट झाला. नाना अजून ‘सतरा नंबर’च म्हणतात. पण आपण कुठे आहोत याबद्दल नाना कधी गोंधळत नाहीत. रात्री गाडीत झोपलेले असले तरी एका आचक्यावर डोळे न उघडता सांगतात, ‘भरणे नाका आला.’

गाडीतलं यंत्र नेमकं तसंच. त्याचा नकाशा कारखान्यातून निघताना भरलेला. नंतर तो कुणीतरी बदलावा लागतो आणि ते कुणीतरी सहसा सापडत नाही. मात्र आपली जागा ते सोडत नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरांवर. त्यांचे संदेश डोंगर फोडून आत येत नाहीत. मग हे यंत्र चाकं किती फिरली ते मोजतं, गाडी किती वळली ते आतल्या जायरोस्कोपवरून ताडतं आणि अंदाज बांधत राहतं. घाटात, बोगद्यात फोन चाचपडतो, हे ठाम असतं.

याचं प्रात्यक्षिक भावोजींच्या गाडीत झालं. भावोजी पुण्याचे, गाडी महागातली आणि तिच्या नेव्हिगेशनवर त्यांची निष्ठा. मुंबईचं एक कार्य आटोपून त्यांच्याबरोबर परत येत होतो आणि कशेडीच्या नव्या बोगद्यात शिरलो. बोगदा जवळपास दोन किलोमीटरांचा. फोनवरचा निळा ठिपका तोंडाशीच खिळून राहिला. भावोजींनी विजयी मुद्रेने आपल्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिथला बाण मस्त पुढे सरकत होता. पण नकाशा बोगद्याच्या आधीचा! त्यामुळे आमची गाडी हिरव्या रंगातून, जिथे रस्ता नाही, पायवाट नाही, अशा डोंगराच्या पोटातून डौलात निघाली होती. यंत्रातल्या बाईंनी आधी मार्ग पुन्हा शोधते म्हणून सांगितलं, मग थोडा विचार केला आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, ‘शक्य असेल तेथे यू-टर्न घ्या.’

‘घ्या,’ नाना मागून म्हणाले. ‘बाई बरोबर बोलतेय. रस्ता वरून आहे.’

भावोजींनी आवाज बारीक केला. ‘नकाशा अपडेट करायचाय. या वेळी सर्व्हिसिंगला देताना सांगतो.’ हे ते गाडी घेतल्यापासून सांगताहेत.

चिरंजीव अर्थातच फोनच्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, फोनचा नकाशा रोज ताजा. पूल झाला की दिसतो, रस्ता बंद झाला की दिसतो, पुढची कोंडीसुद्धा दिसते. खरं आहे. कोंडी कळते कशी, तर पुढे अडकलेल्यांच्या खिशातल्या फोनवरून. शंभर फोन एकाच जागी गोगलगायीच्या चालीने सरकताहेत म्हटल्यावर पलीकडे ताडलं जातं आणि रस्ता लाल होतो. गणपतीच्या आदल्या दोन रात्री हायवे पनवेलपासून असा काही लाल होतो की बघवत नाही. मग फोन कानात सांगतो, आतून एक रस्ता आहे, चाळीस मिनिटं वाचतील. आपण खूश होऊन आत वळतो. अडचण एवढीच की हे गुपित त्याने मागच्या-पुढच्या सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना गडगे, अशा ठिकाणी आपण सगळे मखरांसकट भेटतो. आणि समोरून एसटी येते. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. ती रोज तिथूनच जाते.

बाकी फोनचे हाल मी सांगायला नकोत. मे महिन्यात काचेखाली लावला की तापतो आणि नेमका चौरस्त्यावर ‘थंड होऊ द्या’ म्हणून डोळे मिटतो. रेंज गेली की पुढच्या कोंडीबद्दल मौन पाळतो. घरून निघताना वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवून घेतला तर निदान रस्ता तरी दाखवत राहतो. माझ्या मते हे ज्याला सुचत नाही त्याने घाट उतरू नये. त्यात ऐन वळणावर मावशीचा फोन येतो. नकाशा बाजूला सरतो, मावशीचा गोल फोटो वर येतो आणि डावं की उजवं हे मावशीलाच विचारावं लागतं. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत अशी दुरुस्ती आहे की गाडी चालवताना हातातला फोन वापरायचा तर तो फक्त रस्ता बघायला, आणि तोही चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा बेताने. हा नियम मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मग मी रस्ताच सांगते.’

शेवटी तालुका ओलांडून शोरूममध्ये गेलो. विक्रेता मुलगा तरुण, नम्र. त्याने वरच्या मॉडेलच्या पडद्यावर बोट फिरवून विचारलं, ‘आजोबा, सांगा, कुठे जायचं?’

‘मुरूड टाक.’

पडद्यावर जंजिरा किल्ला, रायगड जिल्हा वगैरे आलं.

‘हे नव्हे रे. आमचं. हर्णैच्या पुढचं.’

‘सर, हेच फेमस आहे.’

नाना खुर्चीत सरळ बसले. ‘आमचं मुरूड महर्षी कर्व्यांचं. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. सिद्दीला मिळालं होतं काय?’

मुलाने घाईघाईने आपल्या फोनवर बघितलं. त्याने आधी लातूर जिल्ह्यातलं मुरूड काढलं. नानांनी फोनलाही नापास केलं. सामना बरोबरीत.

निकाल लागला तो भलत्याच मुद्द्यावर. नेव्हिगेशन हवं तर वरचंच मॉडेल, आणि वरच्या मॉडेलला सनरूफ येतंच; एक घेऊन दुसरं ठेवता येत नाही. मुलाने छप्पर सर्रकन उघडून दाखवलं. नानांनी मान वर करून बराच वेळ निरखलं.

‘गाडी आपण लावतो कुठे?’ त्यांनी मला विचारलं.

‘आगरात. माडाखाली.’

‘हं. आणि नारळ पडला म्हणजे?’

माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं. मुलाने मोठ्या साहेबांना विचारून येतो म्हणून आतही एक फेरी मारली. मधलं मॉडेल घेतलं. अँड्रॉइड ऑटोची वायर जोडली की चिरंजीवांचा फोन ऐटीत मोठ्या पडद्यावर पसरतो. अँड्रॉइड ऑटो गाड्यांत आलं २०१५ मध्ये. आमच्या घरात ते नारळामुळे आलं.

मग वैशाखात चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. गुहागर तालुक्यातली वाडी, घरासमोरच मांडव. भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना लोकेशन पाठवलं, खाली हात जोडल्याची चित्रं. भावोजी आदल्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला आले होते. त्यांच्या गाडीला व्हॉट्सअ‍ॅपवरची पिन समजत नाही, आणि तिच्या लेखी दाभोळला रस्ता संपतो, पुढे पाणी. त्यामुळे त्यांनी नुसतं गावाचं नाव घातलं आणि पहाटे अंधारात चिपळूणच्या वळशाने निघाले. आम्हाला वाईट वाटलं. आम्ही सावकाश चहा घेतला.

दाभोळला फेरीबोट नुकतीच सुटत होती. फोनने बोटीचा प्रवास हिशेबात धरला होता, बोटीची वाट बघणं धरलं नव्हतं. तरी पलीकडे उतरल्यावर फोनने कामगिरी चोख बजावली. तिठे, साकव, आंब्याच्या बागा, एकही वळण चुकलं नाही. घाटी चढून वर आलो आणि बाई म्हणाल्या, आपण पोचला आहात.

आजूबाजूला सडा. जांभ्याचा काळा कातळ, करवंदाच्या जाळ्या, डोक्यावर ऊन. मांडव नाही, सनई नाही, घरसुद्धा नाही. मात्र दहा-बारा गाड्या होत्या. मुंबईचे, कोल्हापूरचे, सगळे नातेवाईक उतरून एकमेकांकडे बघत उभे होते.

उलगडा झाला तो असा. वाडी खाली, खाडीच्या उतारावर, माडा-पोफळीत. तिथे मोबाइलला रेंज नाही. मेसेज पाठवायचा तर वाडीतला माणूस पाखाडी चढून सड्यावर येतो. भाचाही आला आणि होता त्या जागेवरून, प्रामाणिकपणे, ‘सध्याचं ठिकाण’ पाठवून खाली गेला. २००० सालापर्यंत अमेरिका जीपीएसचा नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. अध्यक्ष क्लिंटन यांनी तो प्रकार बंद केल्याचं १ मे रोजी, म्हणजे बरोबर महाराष्ट्र दिनी, जाहीर केलं. तेव्हा अमेरिकेने काढून टाकलेली चूक आमच्या भाच्याने व्याजासकट परत आणली होती.

चौकशी करता कळलं की या वाडीतल्या साखरपुड्यांचे, सत्यनारायणाचे, बाराव्या-तेराव्याचे सगळे पाहुणे आधी इथेच येतात. म्हणून मुलीकडच्यांनी कातळावर कोकम सरबताचं टेबलच मांडलं होतं आणि पाहुण्यांना खाली उतरवून न्यायला मोटरसायकलवाले दोन पोरगे ठेवले होते. चिरंजीवांनी फोनवर नकाशा मोठा करून बघितला, तर कुणीतरी त्या उघड्या कातळाची ‘मंगल कार्यालय’ अशी नोंदही करून ठेवली होती. चार तारे होते. एक तारा पार्किंगला सावली नाही म्हणून कापला होता.

नाना सरबताचा दुसरा पेला घेत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. भावोजी. मुलीच्या घराचा लँडलाइन होता तो. गावाच्या नावावर आले, ग्रामपंचायतीपाशी यंत्राने हात टेकले, तिथे एका बाईंना विचारलं आणि दहा मिनिटांत मांडवात.

‘कुठे आहात?’ ते विचारत होते. ‘पहिली पंगत बसली. मठ्ठा संपत आलाय.’

रेंज फुल होती. शब्दन्‌शब्द स्पष्ट ऐकू आला.