चपलावाल्याचे पैसे आणि कोलोसियमचं गटार

जुन्या वास्तूंची डागडुजी सरकारनं करावी की पैसेवाल्या शेठनी, हा वाद उकरून काढला संभानं. कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकान असलेला माणूस, त्यामुळं इटलीचा विषय निघाला की त्याला आधी चामडंच दिसतं.

"सरकारला जमलं नाही ते एका चपलावाल्यानं केलं बघा. टॉड्झ ह्या बूट कंपनीचा मालक, दिएगो देल्ला व्हाल्ले. आजा बूट शिवायचा, नातवानं रोमच्या कोलोसियमच्या डागडुजीला अडीच कोटी युरो दिले. आजच्या भावानं अडीचशे कोटी रुपये झाले की रं!"

"आणि त्यांच्याच गाववाल्या प्राडानं २०२५ मध्ये मिलानात कोल्हापूरचं नाव न घेता आपल्या चपला मिरवल्या, ते विसरलास व्हय?" विन्यानं लगेच डिवचलं.

"त्यो हिशोब येगळा." संभा दुकानदार आहे, खाती वेगवेगळी ठेवतो.

मन्सूर सर इतिहास शिकवतात. त्यांचं म्हणणं, दानाला 'दान' तरी म्हणू नका. करार २०११ चा. बदल्यात कंपनीला कोलोसियमच्या नावावर स्वतःची जाहिरात करायचे हक्क मिळाले. त्यावरनं ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि परांच्या चढायला २०१३ उजाडलं. "दोन हजार वर्षांची वास्तू, आणि तिचं नाव बुटाच्या खोक्याशेजारी?"

"सर, काम बघा की," संभा पेटला. "धुरानं काळी पडलेली भिंत पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं धुतली, २०१६ ला पांढरीफेक. तळघर २०२१ ला लोकांना खुलं. तुमच्या पोपनी काय केलं? पँथिऑनच्या, त्या जुन्या रोमन देवळाच्या, ओसरीचं ब्राँझ काढून वितळवलं!"

हे खरं आहे. आठवा अर्बन, बार्बेरिनी घराण्यातला. रानटी टोळ्यांनी सोडलं ते बार्बेरिनींनी नेलं, असं रोमवाले तेव्हापासून म्हणतात. आता चर्च असलेल्या त्याच पँथिऑनला २०२३ ला ५ युरो तिकीट लागलं आणि त्यातले ३० टक्के चर्चकडं, असं ठरलं. ओसरी उघडी करून तिकिटातला वाटाही घ्यायचा, हा धंदा संभालाही जमला नसता.

सरांनी मग युझो यागींचं नाव काढलं. जपानचा कापड-व्यापारी. इटालियन कपड्यांवर पैसा कमावला म्हणून रोममधल्याच सेस्टियसच्या पिरॅमिडच्या, म्हणजे एका जुन्या थडग्याच्या, डागडुजीला वीसेक लाख युरो दिले. २०१५ ला काम पुरं. "याला म्हणायचं दान." गंमत म्हणजे तो पिरॅमिड ३३० दिवसांत बांधून झाल्याचं त्याच्या भिंतीवरच कोरलंय. आमच्याकडं एवढ्या दिवसांत टेंडरसुद्धा निघत नाही.

मी बांधकामाच्या धंद्यातला, माझं दुखणं वेगळं. हे सगळे पैसे दिसणाऱ्या भिंतीवर जातात आणि अवशेष मरतात पाण्यानं. ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेईत नोव्हेंबर २०१० मध्ये ग्लॅडिएटरांची म्हणतात ती इमारत पावसानंतर बसली. १९४३ च्या बॉम्बफेकीत पडलेली, नंतर वरनं सिमेंट-काँक्रीट चढवून उभी केलेली. खाली जुनी भिंत, वर जड छत, मागं पाणी प्यालेली माती; कुठलाही गवंडी सांगेल काय होणार ते. त्यानंतर युरोपियन युनियन आणि इटलीनं मिळून साडेदहा कोटी युरो ओतले, आणि कामोर्राच्या, म्हणजे तिथल्या माफियाच्या, टोळ्यांनी ठेके खाऊ नयेत म्हणून वर काराबिनिएरीचा, म्हणजे लष्करी पोलिसांचा, जनरल बसवला.

"म्हणजे सरकारचाच पैसा लागला शेवटी," सर खूश.

"पडल्यावर लागला, सर. आधी नाही."

पॉम्पेईशेजारचं तसंच गाडलेलं गाव, हर्क्युलेनियम बघा. तिथं २००१ पासून पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूट या खाजगी संस्थेचा पैसा आहे. त्यांनी आधी छपरं दुरुस्त केली, पाणी वाहून जायला रोमनांचीच जुनी गटारं मोकळी केली. फोटो काढायला त्यात काही नाही. माझ्या मते रोमच्या साऱ्या झगमगीत देणग्यांपेक्षा हे काम मोठं आहे.

"गटारावर नाव घालायला कोण येतंय?" विन्या म्हणाला. "टॅक्सची सूट द्या, मग येतील."

दिलीय. २०१४ पासून इटलीत अशा देणगीवर ६५ टक्के कर-सवलत आहे. विन्यानं हिशोब घातला: शंभरातले पासष्ट सरकारनंच सोडले, म्हणजे पैसा जनतेचा आणि पाटी शेठची!

इथं संभा पहिल्यांदा गप्प बसला. थोडा वेळच.

"बरं," तो म्हणाला, "मग करारातच लिवा. भिंत धुवायला शंभर रुपये, तर छपरा-गटाराला वीस, आणि ते पंधरा वर्षं दरसाल."

"अशी अट घातलीस तर तुझा देल्ला व्हाल्ले फिरकंल का?"

"न्हाई फिरकला तर यागी येईल की."

"यागी एकच आहेत," सर म्हणाले, आणि आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या रोमन समुद्रदेवाच्या, पोसायडनच्या मूर्तीकडं वळले. टाऊन हॉल म्युझियममधली ती मूर्ती आपण शेवटची कधी पाहिली, असं त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. संभाला अचानक दुकानाची आठवण झाली.