एक टक्क्याची पट्टी

गेल्या आठवड्यात भाच्याच्या शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव घेत नाही, इतर शाळांतही हेच ऐकतो. तिथं अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाची २०१६ ची योजना, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. लॅब झकास! थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर, सोल्डरिंग गन पाकिटातच, कपाटाला कुलूप. विचारलं तर सर म्हणाले, "मोडलं तर डेड स्टॉक रजिस्टरात काय लिहू?" (म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही.)

त्यांच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न बनवतो, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने. फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, रोज चार नग रिजेक्ट होतात. कुठं ब्लो होल (हवेनं पडलेलं भोक), कुठं कोअर (आत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) सरकलेला. शिव्या पडतात, माल परत भट्टीत जातो, पुन्हा ओततात. शाळेत मात्र बिघडलेल्या नगाला परत जायला भट्टीच नाही.

त्या दिवशी माझ्या पिशवीत पॅटर्नची पट्टी होती. आठवीच्या पोरांसमोर तिच्याशेजारी त्यांची साधी पट्टी ठेवली. ३० सेंटिमीटरला तीन मिलिमीटरचा फरक! एक पोरगी लगेच म्हणाली, "मामा, तुमची पट्टी चुकलीय की!" चुकलेली नाही, मुद्दाम तशी केलेली. बिडाचा (कास्ट आयर्नचा) रस थंड होताना साधारण एक टक्का आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. मग सागवानाचे तुकडे वाटले आणि २०० मिलिमीटरच्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव नगाचा, पॅटर्न आखून कापा म्हटलं. बहुतेकांनी २०२ काढले. एकानं उलटं धरून १९८ वर करवत चालवली. सर तुकडा उचलून टाकायला निघाले, तेवढ्यात पोरगा स्वतःच पुटपुटला, "म्हणजे माझं कास्टिंग १९६ चं येणार." शेकडेवारीचं अख्खं प्रकरण त्या एका तुकड्यात होतं.

(आमच्याकडं कोअर, रायझर, ड्राफ्ट हे ओतकामाचे शब्द मराठी कामगारही तेच वापरतो, कन्नडही तेच. पोरांना माध्यमाची अडचण येत नाही, लॅबमधल्या किटच्या इंग्रजी पुस्तकाची येते.)

२० लाख नसले तरी चालतं. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवर भूमिती शिकवली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून पोरं वेल्डिंग, वायरिंग करत शिकतात. आपल्याकडं तर उद्यमबाग-मच्छेचे कारखाने, खानापूरचे कुंभार, शहापूर-वडगावचे माग, सगळं एका बसच्या अंतरावर.

माझं म्हणणं एवढंच, रजिस्टरात एक रकाना वाढवा: 'शिकताना मोडले'. त्यावर सही हेडमास्तरांची, वसुली कुणाकडूनच नाही.

दर शनिवारी दुपारी मी त्या शाळेत जाणार आहे. बंद मिक्सर, जळालेला पंखा, जुना रेडिओ असेल तर भंगारवाल्याला घालू नका, माझ्या शॉपवर आणून टाका. स्क्रू मात्र गंजलेले नकोत, पोरांचे हात लागतात.