पगार बघू की अनुभव, मामा?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. तर पठ्ठ्याच्या हातात दोन ऑफर. एक हिंजवडीत, नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणारी कंट्रोल रूम) एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीचा इंजिनियर, हातात २९ हजार, फिरत्या पाळ्या. दुसरी भोसरीतल्या एका छोट्या नेटवर्किंगवाल्याकडे, १८ हजार, वर पेट्रोल. "मामा, पगार बघू की अनुभव?"

आमच्या लाइनमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे: पहिली दोन वर्षं शीक, पैसा मागून येतो. मीही आजवर हेच सांगत आलो. परवा मात्र जीभ अडखळली, कारण ताईच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता किती जातो हे मला माहीत आहे.

माझं सांगतो. २०१३ साली मी ९ हजारांवर लागलो. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचो, दोन्ही वेळा मेसचा डबा. कंपनीचं नाव कशाला घ्या. चाकणच्या एका कारखान्यात आम्हाला काम करायला रविवार मिळायचा. अशाच एका रविवारी गेटजवळ वजनकाट्याच्या केबिनमधल्या स्विचवर (मशिनं नेटवर्कला जोडणारा डबा) नवा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर वेगळं केलेलं नेटवर्क, टाकायचा होता. मी सर्व्हर रूममध्ये बसून त्या स्विचमध्ये लॉग-इन केलं आणि त्याच्या ट्रंक पोर्टवर (सगळे व्हीलॅन एकाच वायरीवरून नेणारा पोर्ट) कमांड मारली, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०'. मधला 'ॲड' विसरलो. ज्यांनी हा पराक्रम केलाय ते आत्ता हसले असतील. 'ॲड' नसेल तर स्विच समजतो की यापुढे फक्त ३०च सोडायचा, बाकी सगळे बाहेर. माझं स्वतःचं सेशनसुद्धा तिथेच गोठलं. काटा बंद. रविवार असला तरी मालाचे ट्रक येतच होते, बघता बघता गेटवर रांग लागली.

सीनियरला फोन लावला. तो चिडला नाही, एकच विचारलं, "राइट मारलंस का?" म्हणजे बदल सेव्ह केलास का.

"नाही."

"मग पळ. पॉवर काढ, परत लाव."

सेफ्टी शूज घालून अख्खा प्लांट ओलांडत पळालो. कॉन्फिग, म्हणजे स्विचची सेटिंग, सेव्ह केलेलं नव्हतं, म्हणून स्विच परत उठला तो जुन्या कॉन्फिगवरच. पण उठायला त्याला चार-पाच मिनिटं लागली आणि तेवढ्यात ड्रायव्हर मंडळींनी माझ्या घराण्याचा उद्धार केला. संध्याकाळी टपरीवर सीनियरने 'रिलोड इन १०' समजावलं. लांबच्या डिव्हाइसला हात लावण्याआधी त्याला दहा मिनिटांनी रिस्टार्ट व्हायला सांगून ठेवायचं, काम नीट झालं की रद्द करायचं. क्लासमध्ये हे ऐकलेलं नव्हतं असं नाही.

त्या पहिल्या वर्षाचा पगार कमी होता असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्या वर्षाचा होता. दुसऱ्या वर्षी मी रॅक बसवले, केबल ओढली, वायरींच्या टोकांना आरजे-४५ प्लग क्रिम्प केले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा... झोपेत उठवलंत तरी सांगेन. म्हणजे पहिलंच वर्ष पुन्हा काढलं, तेवढ्याच ९ हजारांत, आणि त्यालाही अनुभवच म्हणत राहिलो. मालक तर म्हणणारच!

म्हणून भाच्याला म्हटलं, दोन्हीकडे एकच विचार: कॉन्फिग मोडमध्ये मला कधी जाऊ देणार? नॉकमध्ये एल-वनला बऱ्याचदा नुसतं बघायची परवानगी असते. अलार्म लाल झाला, पिंग मार, तिकीट काढ, सर्व्हिस प्रोव्हायडरला फोन लाव, सुटलं नाही की वरच्या पायरीच्या एल-टूकडे ढकल. वर्षभर हेच केलंस तर पुढच्या इंटरव्ह्यूत ओएसपीएफवर (राउटर आपसात रस्ते ठरवतात ती पद्धत) तोंड उघडता येणार नाही. पण तिथे मोठं नेटवर्क दिसतं, चेंज विंडो (बदलासाठी ठरवलेली वेळ), रोलबॅक प्लॅन (बिघडलं तर मागे फिरायची तयारी) हे शब्द खरे असतात. छोट्या ठिकाणी चेंज म्हणजे मालकाचा व्हॉट्सॲप मेसेज. पहिल्याच दिवशी एनेबल पासवर्ड, म्हणजे सेटिंग बदलायची चावी, मिळेल, किंवा दोन वर्षं शिडीच धरायला लावतील. तिथल्या जुन्या पोरांना विचारल्याशिवाय कळत नाही.

भोसरीवाल्याने दोन वर्षांचा बॉन्ड आणि ओरिजिनल मार्कशीट मागितली, हे भाच्याने मला सगळ्यात शेवटी सांगितलं. मार्कशीट कोणालाही द्यायची नाही, विषय संपला. बॉन्ड कोर्टात टिकत नाही असं कट्ट्यावर सगळेच सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बॉन्ड वैध धरला. ते प्रकरण मॅनेजरचं होतं, फ्रेशरचं नव्हे, पण 'बॉन्ड म्हणजे नुसता कागद' या भरवशावर सही करू नये.

आणि एक, मित्राच्या मित्राने त्याला तिसरा रस्ताही दाखवलाय: पैसे भरा, दोन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर घ्या. पुण्यात हा धंदा जोरात आहे. अरे, यूएएनच्या (पीएफचा कायमचा नंबर) नोंदीत कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतास ते दिसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडलास की असलेली नोकरीही जाते. यावर मी जरा आवाज चढवला, ते ताईनेही ऐकलं असावं.

मग हिशोब मांडला. फरक महिन्याला ११ हजार. सीसीएनएची (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) फी ३०० डॉलर, वर कर, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या फरकात परीक्षा निघते. लॅपटॉपवरच सरावाचं नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर, ईव्हीई-एनजी, त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, फक्त लॅपटॉपची रॅम वाढवावी लागेल. घरच्या लॅबमध्ये ट्रकची रांग लागत नाही, ही उणीव आहेच. पण हप्ता थकला की बँक अनुभव विचारत नाही.

आज दुपारी मेसेज आला. हिंजवडीच. तिथे विचारलं, तर सहा महिन्यांनी एल-टूच्या चेंजमध्ये बसवतो म्हणाले, तोंडी. "मेलवर घे" असं मी लिहिलं, त्यावर अजून उत्तर नाही. रात्रपाळीत तीन ते पाच तिकिटं कमी असतात, तेव्हा लॅब लावणार म्हणतोय. त्या वेळेला मी काय करायचो, ते मी त्याला सांगितलेलं नाही.