नऊ तपकिरी आणि एक पेंडी कोथिंबीर

आषाढातली दुपार. कुरिअरचा मुलगा रेनकोटातून पाणी गाळत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ओटीपी हेळ्री." मी मराठीत आकडे सांगितले, त्याने ते कन्नडमध्ये परत म्हणून दाखवले, त्यात कुठेतरी एक सात हरवला. शेवटी दोघंही इंग्रजीवर आलो आणि पुडकं माझ्या हातात पडलं. आत बारा आयशॅडो होत्या. एकेक 26 मिलिमीटरची, म्हणजे दहाच्या नाण्याहून किंचित लहान. सगळ्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या.

श्रावणात मावसभावाचा साखरपुडा. आम्ही चार बहिणींनी वर्गणी काढून एका छोट्या, स्वतंत्र ब्रँडकडून हा माल मागवला होता. मोठ्या कंपन्यांच्या पॅलेटमध्ये चार रंग हवेसे आणि आठ गळ्यात मारलेले असतात, त्यापेक्षा सुट्ट्या डब्या बऱ्या, हा हिशोब. पत्ता माझा दिला होता, म्हणून "तूच लावून बघ आणि सांग" हेही माझ्याच वाट्याला आलं.

लावून बघणं म्हणजे स्वॉच. मनगटापासून कोपरापर्यंत बोटाने एकेक पट्टा ओढायचा, मग फोटो काढायचा. ऐकायला पाच मिनिटांचं काम. पण बेळगावच्या पावसात उजेड आणायचा कुठून? आठ दिवस सूर्य नव्हता. ट्यूबलाइटखाली सगळे पट्टे आजारी दिसायला लागले, म्हणून पडवीत गेले. पडवीला झड लागू नये म्हणून आम्ही दरवर्षी निळी ताडपत्री बांधतो. आमच्या शहापूर भागातल्या निम्म्या घरांना ती असते. त्या ताडपत्रीतून गाळून आलेल्या उजेडात माझा हात पाण्यातून काढल्यासारखा दिसत होता आणि बाराही रंग राखाडी. फोनने आपल्या अकलेने ते निळेपण काढायचं ठरवलं, तर बाराही रंग नारिंगी झाले. शेवटी ताडपत्रीची एक दोरी सोडली, हात बाहेर काढला आणि पट्ट्यांवर पागोळी पडली.

दुसऱ्यांदा पट्टे ओढताना शेजारून आत्ती आली. आत्तीच्या घरी हातमाग होता, पुढे यंत्रमाग आला. साड्यांच्या सुतात तिचा जन्म गेला.

"हाताला काय लावूलालीस गे?"

"आयशॅडो. रंग बघूलालोय."

डब्यांच्या पाठीवर नावं होती. 'डस्टी रिग्रेट', 'मंडे', 'एक्स-बॉयफ्रेंड' अशी. मी वहीत प्रामाणिकपणे लिहीत होते : 'मंडे : मध्यम ब्राउन, किंचित उबदार. एक्स-बॉयफ्रेंड : मध्यम ब्राउन, किंचित थंड.' पाचव्या पट्ट्यापर्यंत माझ्याजवळचे ब्राउन संपले. आत्तीने चष्मा लावला, माझा हात गिऱ्हाइकाच्या साडीसारखा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "ह्यो विटकरी. ह्यो आमसुली. ह्यो मातकट. ह्यो अंजिरी, पण एक धुणं झालेला. आणि ही तपकीर. आमच्या सासूच्या डबीत असायची, अगदी हीच."

तंबाखूच्या निपाणीकडची माणसं तपकिरी रंगाला कधी चुकायची नाहीत, आणि तिची सासू निपाणीची. मी 'एक्स-बॉयफ्रेंड' खोडून 'तपकीर' लिहिलं. नाकाला झोंबण्याचा गुण तोच, म्हणून फारसं बिघडलं नाही.

मॅटची भानगड अशी की त्याला लपायला जागा नसते. चमकीच्या रंगात अभ्रकाचे कण असतात, उजेड पडला की ते झगमगतात आणि खालचे डाग कुणाला दिसत नाहीत. मॅटमध्ये फक्त रंग, टाल्कसारखी भरणीची पूड आणि सगळं धरून ठेवणारा थोडा चिकटा. चिकटा कमी पडला तर ब्रश टेकवताच धुरळा उडतो, जास्त झाला तर डबीची फरशी होते. त्यात आपल्या बोटांचं तेल लागलं की वर कडक साय धरते. ती सेलोटेप हलकेच चिकटवून उपटायची. मी उपटत असताना आत्ती म्हणाली, "नवीन आणलेलं सोलूलालीस कशाला?" याला उत्तर नव्हतं.

तपकिरी कुळातले नऊच्या नऊ पट्टे सुरेख उतरले. यात ब्रँडचं कौतुक थोडं कमीच करावं, कारण हे रंग लोहाच्या ऑक्साइडचे, सरळ सांगायचं तर गंजाच्या जातीचे. आपल्या जांभ्या दगडाला आणि खानापूरच्या कौलांना जो लाल रंग येतो, तोही लोहाच्याच कृपेने. तो रंग मुळातच जोरकस. म्हणजे आम्ही चौघींनी वर्गणी काढून कौलाची भुकटी मागवली होती, फक्त मऊ दळलेली.

खरी परीक्षा जांभळ्याची. मॅट जांभळा भल्याभल्यांना जमत नाही. त्यात पडणारा मँगनीज व्हायोलेट किंवा अल्ट्रामरीन लोहाच्या रंगांपुढे दुबळा, आणि पापणीवर सारखा बसायला तयार नसतो. इथे दाट, तिथे फिका. आमचा जांभळाही घराण्याला जागला. ब्रशने जितका सारखा करावा तितका मधूनच निघून जायचा.

पण परीक्षा म्हणजे परीक्षा. रंग आठ तास टिकतो का, हे घरात बसून कळत नाही. उजव्या पापणीला खाली प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा लेप, लावला, डाव्या पापणीला मुद्दाम नाही, म्हणजे फरक कळेल. दोन्हींवर जांभळा चढवला आणि पिशवी घेऊन कपिलेश्वरच्या ब्रिजवरून गणपत गल्लीला निघाले. ब्रिजवर वारा असा की छत्री उलटी झाली. तिथेच परीक्षेचा निकाल लागला असावा, पण आरसा जवळ नव्हता.

गणपत गल्लीत भाजी घेऊन बसलेल्या मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

"अक्का, डोळ्याला काय झालं?"

शेजारी वांगी निवडणाऱ्या बाई वळल्या. "अय्यो. कण्णिग एनातरी?"

सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडून आहे, पण माझ्या डाव्या डोळ्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही बाजूंचं एका मिनिटात एकमत झालं. मी घाईने म्हणाले, "काही नाही मावशी, रंग हाय तो."

"होय गे बाई," मावशी हळू आवाजात म्हणाली, "सगळ्या असंच म्हणतात."

मग तिने दोन्ही मेथ्यांचे पैसे घेतले आणि कोथिंबिरीची एक मोठी पेंडी माझ्या पिशवीत कोंबली. पैसे देऊ केले तर हात मागे सारला. वांगीवाल्या बाईंनी कन्नडमध्ये काही सांगितलं. मला 'पोलीस' एवढाच शब्द कळला. नवरा बिचारा त्या वेळी ऑफिसात डबा खात होता.

घरी येऊन आरशात पाहिलं. उजवा डोळा ठीक होता, मासिकातल्यासारखा म्हणता आला असता. डाव्याचा रंग पापणीच्या घडीत गोळा होऊन उरलेला डोळ्याखाली उतरला होता. अगदी दुसऱ्या दिवशीचा मार.

आत्ती पायरीवर मेथी निवडायला बसली होती. मी तिला प्रायमर काय ते समजावायला लागले, तर तिने अर्ध्यात तोडलं.

"म्हणजे मेण की. खाली मेण न लावता पिंजर लावलीस तर नाकावर येणारच. आम्ही न्हाणीतनं आलो की आधी बोटाने मेणाचा टिळा, मग त्यावर कुंकू. दिवसभर मागावर घाम गाळला तरी हलायचं न्हाई. हे तुझ्या ब्रँडला कोण सांगितलं न्हाई?"

ब्रँडने सांगितलं होतं. पुडक्यात कागद होता. मी वाचला नव्हता.

रात्री बहिणींना अहवाल पाठवला : विटकरी, आमसुली, तपकीर डोळे मिटून घ्या, मातकट धाकटीला शोभेल, जांभळ्याच्या नादाला लागू नका. धाकटीने लगेच विचारलं, "आमसुली कुठाय? लिस्टमध्ये दिसत नाही." मी उत्तर टाइप करत होते, तेवढ्यात आत्तीने पिशवी उलटी केली.

"कोथिंबीर एवढी कशाला आणलीस?"

"आणली नाही. डोळा बघून फुकट दिली."

आत्तीने पेंडी हातात तोलून पाहिली.

"उद्या दुसऱ्या डोळ्याला लाव की. आलं-मिरची बी संपलीय."