मुलांसह साकुरा पाहण्यासाठी शिंजुकू ग्योएन अधिक सोयीचे
टोकियोत मुलांना घेऊन साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायचा असेल तर उएनो उद्यानच उत्तम, हे एका लेखातील मत मला तितकेसे पटले नाही. बहराच्या दिवसांत तिथे निळ्या ताडपत्र्यांवर रंगलेल्या मेजवान्यांमधून बाबागाडी ढकलत नेणे किती जिकिरीचे असते, हे आम्ही अनुभवले आहे. शिंजुकू ग्योएन या टोकियोतल्याच बागेत प्रौढांना ५०० येन मोजावे लागतात, परंतु १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, आणि आत मद्य नेण्यास बंदी असून प्रवेशद्वारावर पिशव्या तपासल्या जात असल्यामुळे (आमच्या पिशवीतून थालीपीठ आणि लोणचे निघाले) हिरवळीवर डबा उघडून शांतपणे बसता येते. चेंडू मात्र खेळू देत नाहीत, हे मुलांना घरूनच सांगितलेले बरे. सोमेई-योशिनो या चेरीच्या जातीचा बहर साधारण मार्चअखेरीस येऊन आठवडाभरात झडू लागतो. येथे मात्र अनेक जातींची झाडे असल्याने, तो हुकला तरी एप्रिलच्या मध्यानंतर कांझान जातीची दाट गुलाबी, अनेक पाकळ्यांची फुले पाहायला मिळतात. आमच्या ४ वर्षांच्या मुलीने फांद्यांकडे फारसे पाहिलेच नाही. तळ्याकाठी उकिडवी बसून ती पाण्यावर साचलेला पाकळ्यांचा थर काडीने बाजूला सारत खालचे मासे शोधत राहिली. ऐन मोसमात काही दिवशी आगाऊ आरक्षण लागते, तेवढे पाहून निघावे.