सेंट्रल फ्लोरिडाचं २०१७चं विजेतेपद: खुलासा

‘सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपराजित संघाचा २०१७चा करंडक एनसीएएने काढून घेतला आणि अलाबामाला दिला’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, स्वतः राष्ट्रीय विजेता ठरवतच नाही, मग काढून काय घेणार?

त्या काळी निवड समिती चार संघ निवडायची आणि त्यांच्यात प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, व्हायचा. सेंट्रल फ्लोरिडाला समितीने बाराव्या क्रमांकावर ठेवलं, म्हणून तो संघ प्लेऑफला मुकला. अंतिम सामन्यात अलाबामाने जॉर्जियाला जादा वेळेत २६-२३ असं हरवलं आणि करंडक रीतसर जिंकला.

पण ‘आम्हीच राष्ट्रीय विजेते’ हा सेंट्रल फ्लोरिडाचा दावा ‘निव्वळ थाप’ म्हणणंही अन्यायाचं आहे. कोली मॅट्रिक्स या संगणकीय क्रमवारीने त्यांना पहिलं ठरवलं आणि एनसीएएच्या विक्रमपुस्तकात त्याची नोंद आहे. २०१५मध्ये बाराही सामने हरलेला हा संघ दोन वर्षांत १३-० (तेरा विजय, शून्य पराभव) झाला. पीच बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला ३४-२७ असं नमवलं. याच ऑबर्नने त्या मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलं होतं. बालपणीच डावा हात मनगटापासून गमावलेला शकीम ग्रिफिन त्या सामन्यात बचावफळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा संघ पहिल्या चारांत नसावा, हे मला आजही पटत नाही. प्लेऑफमध्ये बारा संघ आले ते थेट २०२४च्या मोसमात.